मैदानाच्या बजेटवरून एक प्रश्न पडला, त्यावर पीएचडी झाली आणि तोच प्रश्न पुढं नोबेलपर्यंत घेऊन गेला

साल १९३५. अमेरिकेतलं मिलवॉकी शहर. जागतिक मंदीचे दिवस असल्यानं सगळीकडं पैशाची ओढाताण सुरू होती. अशा वेळी शिकागो विद्यापीठात शिकणारा अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा आपल्या या गावी परत आला. त्याला कॉलेजसाठी एक टर्म पेपर लिहायचा होता. विषय काय, तर शहरातली मुलांची खेळाची मैदानं कशी चालवली जातात.

विषय ऐकायला अगदीच साधा. पण त्यात एक गंमत होती.

मिलवॉकीतली मैदानं दोन खाती मिळून चालवायची. मैदानाची डागडुजी, साफसफाई, दुरुस्ती हे काम शहराच्या बांधकाम खात्याचं. आणि मुलांना खेळवायला, त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणसं नेमायचं काम शाळा मंडळाचं. एरवी दोघांचं बरं जमायचं. पण पैसे वाटायची वेळ आली की वाजायचं. बांधकामवाले म्हणायचे, आधी मैदान धड पाहिजे. शाळावाले म्हणायचे, खेळवणारं माणूसच नसेल तर नुसतं चकाचक मैदान घेऊन करायचं काय?

पोरानं अर्थशास्त्राची पुस्तकं वाचली होती. त्यात या भांडणाचं उत्तर अगदी सरळ दिलेलं होतं. शेवटचा एक डॉलर डागडुजीवर घातला तर किती फायदा होतो ते बघा. तोच डॉलर खेळवणाऱ्या माणसावर घातला तर किती होतो तेही बघा. जिथं दोन्हीकडचा फायदा सारखा होईल तिथं थांबा. झालं तुमचं बजेट.

पण मिलवॉकीत हा हिशोब कुणीच करत नव्हतं. करायचा म्हटला तरी करणार कसा? मुलांच्या आनंदाची किंमत डॉलरमध्ये कशी मोजायची? झोपाळा दुरुस्त केल्यानं जास्त आनंद होतो की एक ताई खेळवायला असल्यानं, हे कोण सांगणार? मग प्रत्येक जण आपापल्या खात्याच्या चष्म्यातून बघायचा, मागच्या वर्षीचे आकडे पुढं ठेवायचा आणि थोडं इकडं थोडं तिकडं करून मार्ग काढायचा.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की या अधिकाऱ्यांना अक्कल नाही. या पोराला मात्र शंका आली ती पुस्तकाबद्दल. माणसं पुस्तकात लिहिल्याप्रमाणं निर्णय घेत नसतील, तर मग ती घेतात तरी कशी?

या एका प्रश्नानं त्याचा पुढची पासष्ट वर्षं पिच्छा सोडला नाही. त्या पोराचं नाव हर्बर्ट सायमन. आज ज्याला आपण बिहेवियरल इकॉनॉमिक्स म्हणजे वर्तनवादी अर्थशास्त्र म्हणतो, त्याचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं.

स्ट्रॉबेरी न दिसणारा मुलगा

हर्बर्टचा जन्म १५ जून १९१६ चा, मिलवॉकीतलाच. वडील आर्थर हे जर्मनीत इंजिनिअरिंग शिकून १९०३ मध्ये अमेरिकेत आलेले. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, शिवाय नवनवीन उपकरणं बनवायचा नाद. आई एडना उत्तम पियानो वाजवायची. घरात विज्ञान, संगीत आणि जेवणाच्या टेबलावर राजकारणाच्या गप्पा, असं वातावरण.

लहानपणी एकदा सगळे मिळून स्ट्रॉबेरी तोडायला गेले. बाकीच्यांची भांडी भराभर भरत होती आणि याचं भांडं रिकामंच. तेव्हा कळलं की हर्बर्टला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखताच येत नाहीत. पानं आणि फळं त्याला सारखीच दिसायची. एकाच झुडपाकडं बघणाऱ्या दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात, हे त्याला फार लवकर कळलं ते असं.

त्याचा एक मामा होता, हॅरॉल्ड मर्केल. तो विस्कॉन्सिन विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, पण तरुणपणीच वारला. त्याची पुस्तकं मात्र घरात राहिली. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राची ती पुस्तकं हर्बर्टनं शाळेत असतानाच वाचून काढली. अणू-रेणूंचा जसा शास्त्रीय अभ्यास होतो तसा माणसाच्या वागण्याचाही करता येतो, हे त्याच्या डोक्यात तिथूनच बसलं.

अकाउंटन्सी टाळायची म्हणून राज्यशास्त्र घेतलं

१९३३ मध्ये तो शिकागो विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी तिथं वर्गात बसायची सक्ती नव्हती. परीक्षा पास झाली की झालं. हर्बर्टनं याचा पुरेपूर फायदा घेतला. बरेचसे विषय त्यानं स्वतःच वाचून संपवले.

त्याला खरं तर अर्थशास्त्रात पदवी घ्यायची होती. पण त्यासाठी अकाउंटन्सीचा कोर्स करावा लागणार असं कळलं आणि गड्यानं सरळ राज्यशास्त्र घेतलं. म्हणजे पुढं ज्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याची पदवीही राज्यशास्त्रातली आणि पीएचडीही.

१९३६ मध्ये पदवी हातात आली. मिलवॉकीच्या त्या टर्म पेपरचा मात्र एक फायदा झाला होता. क्लॅरेन्स रिडली नावाचे शिक्षक नगरपालिकांचं काम कसं मोजायचं हे शिकवायचे. त्यांनी हर्बर्टला मदतनीस म्हणून घेतलं. दोघांनी मिळून या विषयावर लिहिलं आणि १९३८ मध्ये त्यांचं पुस्तकही आलं.

दरम्यान १९३७ च्या नाताळच्या दिवशी हर्बर्टनं डोरोथिया पाय हिच्याशी लग्न केलं. तीही शिकागोत राज्यशास्त्रच शिकत होती. हा संसार पुढं त्रेसष्ट वर्षं टिकला.

पोस्टानं परीक्षा, उरलेल्या वेळात थिसिस

पीएचडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लायब्ररी, गाइड आणि फेलोशिपची वाट बघणारा विद्यार्थी येतो. हर्बर्टची पीएचडी अशी झालीच नाही.

१९३९ मध्ये त्याला कॅलिफोर्नियात, बर्कलीला नोकरी लागली. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर चालणाऱ्या एका संशोधन गटाचा तो प्रमुख होता. वय फक्त तेवीस. तिथं काम काय, तर सरकारी खात्यांच्या कामाची मोजदाद. गरजू कुटुंबांना मदत देणाऱ्या खात्यात एका कर्मचाऱ्याकडं किती प्रकरणं दिली तर काम नीट होतं? आगीमुळं होणारं नुकसान कशावर अवलंबून असतं? असे अगदी जमिनीवरचे प्रश्न.

आता नोकरी बर्कलीत आणि विद्यापीठ शिकागोत. मधे अर्धी अमेरिका. मग विद्यापीठाशी बोलून तोडगा काढला गेला. पीएचडीच्या परीक्षा त्यानं पोस्टानं दिल्या. थिसिस लिहिला तो नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात.

१९४२ मध्ये संशोधनाचे पैसे संपले. तिकडं दुसरं महायुद्ध पेटलेलं. नोकऱ्या कमी आणि सैन्यात कधी बोलावणं येईल याचा भरवसा नाही. एक मित्र शिकागोतल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधली नोकरी सोडून चालला होता. त्यानं शब्द टाकला आणि ती जागा हर्बर्टला मिळाली. १९४३ मध्ये पीएचडी पूर्ण झाली.

पोरगा डॉक्टर झाला, तेव्हा इथून पुढं आपणही त्यांना अहोजाहो करू.

थिसिसमध्ये होतं तरी काय?

थिसिसचा विषय होता, संस्था आणि कार्यालयांमध्ये निर्णय कसे होतात. १९४७ मध्ये तो ॲडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेवियर या नावानं पुस्तक होऊन आला.

त्याच सुमारास सायमन यांनी कारभाराच्या प्रचलित नियमांची चांगलीच सालं काढली. त्यांचं म्हणणं होतं की हे नियम म्हणजे नुसत्या म्हणी आहेत. म्हणींची गंमत अशी की प्रत्येक म्हणीला उलटी म्हण असते. घाई करायची असेल तर शुभस्य शीघ्रम् म्हणायचं, थांबायचं असेल तर अति घाई संकटात नेई. दोन्ही खरंच वाटतं. पण आत्ता, या क्षणी, नेमकं काय करायचं हे त्यातून कळत नाही. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा माणूस निर्णय घेताना प्रत्यक्षात काय करतो ते बघा, असा त्यांचा आग्रह होता.

आणि ते बघितल्यावर काय दिसलं?

त्या काळच्या अर्थशास्त्रातला माणूस म्हणजे एक भन्नाट प्रकरण होतं. त्याला सगळे पर्याय माहीत असतात. प्रत्येक पर्यायाचा परिणाम माहीत असतो. आपल्याला काय आवडतं हे पक्कं ठाऊक असतं. आणि हे सगळं डोक्यात धरून तो सर्वांत उत्तम पर्याय बरोब्बर निवडतो.

सायमन यांचं म्हणणं होतं की असा माणूस कुठंच नसतो. खऱ्या माणसाकडं माहिती अर्धवट असते, वेळ कमी असतो आणि डोक्यात एका वेळी मावतं ते अगदी थोडं. तो वेडा नसतो. तो विचार करतो, पण त्याच्या विचाराला मर्यादा असतात. यालाच त्यांनी पुढं बाउंडेड रॅशनॅलिटी असं नाव दिलं. आपण मर्यादित विवेक म्हणू.

मग असा माणूस निवड कशी करतो? समजा तुम्ही भाड्यानं खोली शोधताय. शहरातल्या सगळ्या खोल्या बघून त्यांची यादी करून तुम्ही निवडत नाही. तुमच्या मनात एक साधारण अट असते. भाडं एवढं, ऑफिसपासून अंतर एवढं, पाणी चोवीस तास. या अटीत बसणारी पहिली बरी खोली दिसली की तुम्ही टोकन देऊन मोकळे होता. चार-पाच खोल्या झटपट चांगल्या दिसल्या तर अपेक्षा वाढते. महिनाभर वणवण करून काहीच मिळालं नाही तर अपेक्षा आपोआप खाली येते.

म्हणजे आपण सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं चांगलं शोधतो. सायमन यांनी १९५६ मध्ये याला सॅटिसफायसिंग असा शब्द वापरला. समाधान आणि पुरेसं या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची ती मोट आहे असं समजलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट ते आवर्जून सांगायचे. निर्णय हा कात्रीसारखा असतो. एक पातं म्हणजे माणसाच्या डोक्याची क्षमता आणि दुसरं पातं म्हणजे त्याच्या भोवतालची परिस्थिती. एकाच पात्याकडं बघून कात्री कशी कापते हे कळत नाही. म्हणून एखाद्यानं चुकीचा निर्णय घेतला की लगेच त्याच्या अकलेवर जाऊ नका, तो कुठं उभा होता तेही बघा.

मिलवॉकीच्या भांडणाचं उत्तर त्यांना इथंच सापडलं. तिथले अधिकारी मूर्ख नव्हते. जो हिशोब करणं शक्यच नव्हतं तो सोडून, आपल्या खात्याच्या उद्देशाला धरून ते जमेल तसं काम करत होते.

एकाच इमारतीत दोन टोकं

शिकागोत असताना सायमन काउल्स कमिशनच्या चर्चांना जायला लागले. तिथं त्या काळचे एकाहून एक गणिती अर्थशास्त्रज्ञ जमायचे. सायमन यांचं अर्थशास्त्राचं खरं शिक्षण झालं ते तिथं. त्यामुळं पुढं जेव्हा त्यांनी या शास्त्रावर टीका केली तेव्हा ती बाहेरून मारलेले दगड नव्हती. गणित येत नाही म्हणून बोलतोय, असं कुणाला म्हणता आलं नाही.

१९४९ मध्ये ते पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. तिथं नवीन मॅनेजमेंट स्कूल उभं राहत होतं. हीच संस्था पुढं कार्नेगी मेलन विद्यापीठ झाली आणि सायमन शेवटपर्यंत तिथंच राहिले.

इथं एक भारी योगायोग घडला. एका रंगाच्या कारखान्यात उत्पादन किती घ्यायचं, माल किती साठवायचा आणि कामगार किती ठेवायचे, हे ठरवायचा एक प्रकल्प होता. त्यावर चार जण काम करत होते. चार्ल्स होल्ट, फ्रँको मोदिग्लियानी, जॉन मथ आणि हर्बर्ट सायमन. याच चौघांतल्या जॉन मथ यांनी १९६१ मध्ये रॅशनल एक्स्पेक्टेशन्सचा सिद्धांत मांडला. त्याचा ढोबळ अर्थ असा की लोक उपलब्ध माहिती नीट वापरून भविष्याचा अंदाज बांधतात आणि सरासरीनं तो बरोबर येतो.

म्हणजे एकाच कारखान्याचं काम करताना एकाला वाटलं की माणसाच्या विचाराला मर्यादा आहेत आणि दुसऱ्याला वाटलं की अर्थशास्त्र माणसाला पुरेसं हुशार समजतच नाही. पुढची काही दशकं अर्थशास्त्राच्या मुख्य प्रवाहानं मथ यांची वाट धरली. सायमन यांच्याच संस्थेत त्यांच्या विचारांच्या उलट बाजूचं वजन वाढत गेलं.

सायमन यांनी मग आपलं बस्तान हळूहळू मानसशास्त्राकडं हलवलं. प्रश्न मात्र तोच ठेवला.

बायको-पोरांचा कॉम्प्युटर

पन्नासच्या दशकात त्यांची भेट ॲलन न्यूएल या तरुणाशी झाली होती. दोघांना वाटलं की माणूस विचार कसा करतो हे तपासायला कॉम्प्युटर वापरता येईल. क्लिफ शॉ यांच्यासोबत त्यांनी लॉजिक थिअरिस्ट नावाचा प्रोग्रॅम रचला.

पण तो कॉम्प्युटरवर चालण्याआधीच सायमन यांनी त्याची चाचणी घेतली. जानेवारी १९५६ मध्ये त्यांनी आपली बायको, तिन्ही मुलं आणि काही विद्यार्थी यांना एकत्र बसवलं. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड दिलं. प्रत्येक जण म्हणजे प्रोग्रॅमचा एक भाग. कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचं. घरातल्या माणसांनी मिळून कॉम्प्युटर व्हायचा हा खेळ चक्क यशस्वी झाला.

नंतर या प्रोग्रॅमनं रसेल आणि व्हाइटहेड यांच्या गणितावरच्या गाजलेल्या ग्रंथातल्या एका प्रकरणातल्या पहिल्या ५२ पैकी ३८ सिद्धता करून दाखवल्या. आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या इतिहासात या प्रोग्रॅमला पहिल्यांपैकी एक मानलं जातं. तोही सगळे पर्याय तपासत बसायचा नाही. माणसासारखाच अंदाजाचे आडाखे वापरून वाट शोधायचा.

सायमन यांचे सगळेच अंदाज खरे ठरले असं नाही. दहा वर्षांत कॉम्प्युटर बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, असं त्यांनी १९५७ मध्ये सांगितलं होतं. प्रत्यक्षात डीप ब्लूनं गॅरी कास्पारोव्हला हरवायला १९९७ साल उजाडलं. यावरून त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली.

रील बघणाऱ्यांसाठी १९७१ चा इशारा

१९७१ मध्ये त्यांनी अजून एक गोष्ट मांडली, जी आज वाचताना अंगावर येते. तेव्हा इंटरनेट लोकांपर्यंत पोचलं नव्हतं, मोबाइल तर लांबच. त्यांचं म्हणणं असं होतं की माहितीलाही खायला लागतं, आणि ती खाते माणसाचं लक्ष. म्हणून जिथं माहितीचा सुकाळ होतो तिथं लक्षाचा दुष्काळ पडतो. अशा जगात जास्त माहिती पुरवणारी यंत्रणा उपयोगाची नाही, नको ती माहिती गाळणारी यंत्रणा लागते.

हा विचारही त्याच थिसिसमधून आलेला आहे. डोक्याला मर्यादा आहेत हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न हाच येतो, त्या मर्यादित डोक्यात काय जाऊ द्यायचं हे ठरवणार कोण? आज स्क्रीनवर बोट फिरवताना हे आपण ठरवतो की ॲप, हे तुम्हीच बघा.

पुरस्कार आले, घर तेच राहिलं

१९७५ मध्ये न्यूएल यांच्यासोबत त्यांना कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७८ मध्ये संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेवरच्या संशोधनासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे दोन्ही पुरस्कार मिळवणारे ते पहिलेच.

राहणी मात्र बदलली नाही. पिट्सबर्गमधल्या एकाच घरात ते चाळीसहून जास्त वर्षं राहिले. विद्यापीठात चालत जायचे. पुरेसं चांगलं मिळालं की शोध थांबवायचा, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता असं म्हणता येईल. सगळी शक्ती वाचवली ती एका प्रश्नासाठी.

९ फेब्रुवारी २००१ रोजी, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळं वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, डॅनियल कानमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मूळचे मानसशास्त्रज्ञ असलेल्या कानमन यांनी आमोस ट्वर्स्की यांच्यासोबत सत्तरच्या दशकात माणसाचे अंदाज नेमके कुठं आणि कसे चुकतात हे प्रयोगांतून दाखवलं होतं. नोबेलच्या व्याख्यानात त्यांनी आपल्या कामाला मर्यादित विवेकाचा नकाशा म्हटलं. म्हणजे शब्द सायमन यांचाच. २०१७ मध्ये रिचर्ड थेलर यांना वर्तनवादी अर्थशास्त्रासाठी नोबेल मिळालं, तेव्हा ही वाट आडवाट राहिलेली नव्हती.

आज बिहेवियरल इकॉनॉमिक्स म्हटलं की बऱ्याचदा आपण किती चुकतो याचीच यादी वाचायला मिळते. सायमन यांचा सूर थोडा वेगळा होता. माणूस चुकतो यापेक्षा एवढ्याशा वेळात, एवढ्याशा माहितीवर तो इतकं बरं कसं काय निभावतो, याचं त्यांना जास्त कुतूहल होतं.

आणि हे कुतूहल सुरू झालं होतं एका टर्म पेपरपासून. पुस्तक आणि माणसं यांचं जुळेना, तेव्हा त्या पोरानं माणसांना नावं ठेवली नाहीत, पुस्तक बदलायला घेतलं. सध्या कुणी नोकरी सांभाळून थिसिस लिहीत असेल आणि आपला विषय फारच किरकोळ आहे असं वाटत असेल, तर मिलवॉकीचं ते मैदान आठवा. तिथला प्रश्नही झोपाळ्याच्या डागडुजीचाच होता.